हरिणखेडे काकाजींचा मनीप्लांट

आमच्या शेजारी हरिणखेडे काकाजींकडे कधी गेलात, तर आत शिरल्या शिरल्या खुर्चीकडे धाव घेऊ नका. आधी दाराजवळच्या स्टुलावरल्या मनीप्लांटशी हात मिळवावा लागतो. डाव्या हातात एक स्टीलचा चमचा धरायचा, त्याला तार बांधलेली आहे. उजव्या हाताची चार बोटं मनीप्लांटच्या मोठ्या पानावर टेकवायची. मग स्टुलाखालच्या पत्र्याच्या डब्यातून, झोपेत कुणी हार्मोनियम दाबावी तसा आवाज येतो आणि डब्यावरचे हिरवे दिवे लागतात. आवाज आला की काकाजी म्हणतात, "बसा जी." नाही आला तरी "बसा जी"च म्हणतात, पण आधी वहीत लिहून घेतात.

दूधवाला, सिलिंडरवाला, लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे, कोणालाही यातून सूट नाही. माझी आई गेल्या वर्षी माझ्याकडे आली होती. तिला मी भेटायला घेऊन गेले, तर दारातच हातात चमचा आला. तिला वाटलं तीर्थ आहे. तिने दुसऱ्या हाताचा तळवा खोलगट करून पुढे केला आणि डोळे मिटून उभी राहिली. काकाजींनी तो हात हळूच उचलून पानावर ठेवला. डबा वाजला तशी आई दचकून दोन पावलं मागे आली ती थेट माझ्या पायावर.

मी गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात राहते आणि शहरातल्या एका शाळेत मराठी शिकवते. म्हणजे वर्गात मराठी आणि मैदानात हिंदी बोलणाऱ्या मुलांना शिकवते, त्यामुळे स्वभाव मुळातच तापट झाला आहे. त्यात माझ्या आणि काकाजींच्या अंगणात एकच भिंत, तीही कमरेएवढी. वैतागायला रोज ताजं कारण मिळतं.

काकाजींचं नाव टेकचंद हरिणखेडे. एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये ते अटेंडंट होते. चौतीस वर्षं त्यांनी मुलांच्या हातात लंबक, चुंबक आणि बॅटऱ्या दिल्या आणि संध्याकाळी परत घेऊन कपाटात ठेवल्या. प्रयोग करायचा मुलांनी, शिकवायचा प्राध्यापकांनी, काकाजींच्या वाट्याला फडकं आणि कुलूप. पण मुलं प्रयोग न करताच शेजाऱ्याच्या वहीतून आकडे उतरवतात, हे प्राध्यापकांना चालून जायचं, काकाजींना नाही. "मनाचं रीडिंग लिवलंस का गा?" असं म्हणून ते त्या मुलाला पुन्हा लंबकासमोर उभं करायचे, घंटा होऊन गेली तरी. असा उभा केलेला एक मुलगा आज गावातला नावाजलेला डॉक्टर आहे. तो बाकी सगळ्या पेशंटांचं बीपी एकदा मोजतो, काकाजींचं दोनदा.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे : "निरीक्षण करा, अनुमान नोका काढू." ते घरातही चालू असतं. एकदा मी त्यांच्याकडे बसलेली असताना स्वयंपाकघरातून जळकट वास आला. इमलाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून ओरडल्या, "दूध उतू गेलं ना जी! तुमाले लक्ष ठेवा म्हनलं होतं, तुमी नाई ठेवलं!"

काकाजी शांतपणे म्हणाले, "दूध उतू गेलं, हे निरीक्षण झालं. मी लक्ष नाई ठेवलं, हे अनुमान."

"बरं," काकू फडकं घेऊन बाहेर आल्या आणि ते त्यांच्या मांडीवर टाकलं. "आता गॅस पुसा. हे काय होये ते वहीत लिवा."

रिटायर झाल्यावर काकाजींना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे प्रयोग करायला मोकळीक मिळाली. झाडाच्या पानातून अगदी बारीक वीज वाहते, ती पकडून तिचा आवाज करता येतो, असं त्यांनी मोबाइलवर कुठेतरी पाहिलं. झालं! नागपूरहून कुरिअरने पुड्या येऊ लागल्या. जुन्या रेडिओचा स्पीकर आला, गणपतीच्या झालरीतले दिवे आले, दवाखान्यात छातीवर चिकटवतात त्या चकत्या आल्या. दिवाळीत काकू ज्यात करंज्या ठेवायच्या तो डबा या कामी कायमचा गेला. मनीप्लांटही मूळचा काकूंचा, कान तुटलेल्या कुकरमध्ये लावलेला. काकूंनी एकच अट घातली. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, तेव्हा झाडं झोपतात. विज्ञानाने ती अट निमूटपणे मान्य केली.

पहिल्या दिवशी मला बोलावलं तेव्हा मी मनातल्या मनात हसायची तयारी करूनच गेले होते. चमचा धरला, पानाला हात लावला. डब्यातून एक खोल, थरथरता सूर निघाला आणि मी हात हलवला तसा तोही हलला. खरं सांगते, अंगावर काटा आला. वर्गात साठ मुलांना हाक मारून एकाचंही उत्तर न येणाऱ्या बाईला एका पानाने उत्तर दिलं होतं. मी त्या दिवशी हसले नाही.

भाद्रपदाचे दमट दिवस होते. हळूहळू अख्खी गल्ली हात लावून गेली आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला. डोक्यावर टोपली घेऊन फिरणारी भाजीवाली आली, तिने घामेजलेल्या हाताने पान धरलं, तर डबा वरातीतल्या बॅन्डसारखा वाजला. त्याच आठवड्यात कसल्याशा सर्वेक्षणाला गाडीतून एक साहेब आले. गाडी थंडगार, साहेब थंडगार, हात कोरडे ठणठणीत. त्यांनी पान दाबलं, चोळलं, पण डब्यातून चकार शब्द नाही. समोरच्या बिसेनबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी साहेबांची पाठ वळताच निकाल दिला, "अरे, इसको तो सब समझता है! झाडाले मानूस समजते!"

काकाजींनी परोपरीने समजावलं. ओल्या हातातून वीज जाते, कोरड्या हातातून जात नाही, यात झाडाच्या मनाचा काही संबंध नाही. "अनुमान नोका काढू जी!" पण लोकांना विज्ञान नको होतं, त्यांना न्यायाधीश हवा होता. गल्लीने एकदा ठरवलं की ठरवलं. झाड कष्टाळू आणि मायाळू माणसाशी बोलतं, बाकीच्यांशी बोलत नाही.

मग बिसेनबाईंच्या मुलीला पाहायला आमगावकडचा मुलगा आला, तेव्हा बाई सरळ त्याला, त्याच्या आईवडिलांना आणि पोह्यांच्या ताटल्यांनाही घेऊन काकाजींच्या घरी. काकाजी "अवो बाई, हा प्रयोग हाय, पत्रिका नोहे," म्हणत राहिले. मुलाच्या हातात चमचा दिला गेला. वीस माणसं त्याच्या बोटांकडे बघतायत म्हटल्यावर कोणाच्या तळव्याला घाम फुटणार नाही? त्याने पान धरलं आणि डबा असा काही बोंबलला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. हिरवे दिवे सगळेच्या सगळे पेटले. बिसेनबाईंचे डोळे भरून आले. मुलगी दवाखान्यात नर्स आहे, ती सगळं समजून होती. माझ्या कानात म्हणाली, "मॅडम, पोरगा घाबरला. घाबरनारा बरा राहते." लग्न जमलं.

त्या आनंदाच्या भरात मुलाची आई काकूंना म्हणाली, "तुमीबी लावा ना हात. झाड तं तुमचंच हाय."

काकू पोह्यांची ताटली ठेवून पुढे आल्या. लाजतच त्यांनी चमचा घेतला, पानावर हात ठेवला.

डबा गप्प.

काकूंनी दुसरं पान धरलं. मग तळवा पालथा करून पाहिला. काहीच नाही, एक दिवाही लुकलुकला नाही. मुलाची आई हसून म्हणाली, "घरच्याइले कोन भाव देते, बाई!" सगळे हसले. काकूही हसल्या आणि रिकाम्या ताटल्या उचलून आत गेल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

काकूंचं माहेर केशोरीकडचं. चालायला लागल्यापासून धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरांत, रोवणीला उभ्या राहिलेल्या. मग लग्नानंतर शेण, राख, चूल, कापणी. त्या तळव्यांची कातडी विळ्याच्या मुठीसारखी टणक झालेली, तिच्यातून वीज जाणार कशी? कष्टाळू माणसाशी बोलणारं झाड गल्लीतल्या सगळ्यांत कष्टाळू बाईशी एक अक्षर बोललं नाही, आणि गल्लीच्या न्यायाप्रमाणे त्याचा अर्थ उघड होता. तोंडावर कुणी बोललं नाही. पण काकूंना ऐकू आलंच.

मला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. काकू रोज झाडांना पाणी घालताना त्यांच्याशी मोठमोठ्याने बोलायच्या. "काऊन गा, पिवरा पडून राहिलास? काल पानी देल्लं ना तुले?" इथपासून रायपूरला दिलेल्या लेकीच्या सासूपर्यंत सगळं त्या कुंड्यांना सांगायच्या. भिंतीपलीकडून येणारं ते बोलणं ऐकत मी डबा भरायची. ज्या गोष्टीवर मी वर्षभर वैतागले होते, ती त्या सकाळी बंद झाली, आणि माझं पोळ्यांत लक्ष लागेना. पाणी पडल्याचा आवाज आला, काकूंचा नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला. एकदा मी भिंतीवरून विचारलंच. काकू म्हणाल्या, "कायले बोलू? मले वाटे त्यायले समजते. त्यायले माही मायाच नाई." आणि झारी ठेवून आत गेल्या.

तेव्हापासून काकाजींना एकच ध्यास लागला. झाडाने काकूंशी बोललं पाहिजे.

पहिला उपाय सोपा होता. "हात ओला करून लाव ना वो," ते म्हणाले.

"त्या भाजीवालीचा हात कोनं ओला केला होता?" काकू म्हणाल्या. "मले भीक नोको."

मग त्यांनी ग्लिसरीनची बाटली आणली. थंडीत हात फुटतात म्हणून आणली, असं सांगितलं. बाहेर आश्विनाचं ऊन मी म्हणत होतं. काकूंनी बाटली उघडलीसुद्धा नाही. मग त्यांनी मनीप्लांटच्या तारा काढून चिमट्यांनी तुळशीला लावून पाहायचं ठरवलं, तेव्हा काकू झाडू घेऊनच बाहेर आल्या, "तुरसीले चिमटे? तुमाले लावू का?" मग कोरफड झाली, शेवंती झाली. शेवटी त्यांनी डब्यातली एक कळ पिळून यंत्राचे कान जरा जास्तच तिखट केले. त्याचा परिणाम असा की काकूंचा हात सोडून जगातल्या प्रत्येक गोष्टीला मनीप्लांट ओरडायला लागला. पंख्याला ओरडे, मिक्सरला ओरडे. सकाळी सहाला मी नळाच्या पाण्यासाठी टुल्लू पंप सुरू केला की पलीकडून एक लांब किंकाळी यायची. तिसऱ्या दिवशी काकाजी भिंतीशी आले.

"मॅडम, तुमचा टुल्लू झाडाले डिस्टर्ब करून राहिला."

"काकाजी," मी म्हटलं, "नळ पंधरा मिनिटं येतो. झाडाला सांगा, कानात बोळे घाल."

त्यांनी भांडण केलं नाही. मान खाली घालून परत गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस खरंच थकला आहे, आणि मला माझ्याच जिभेचा राग आला.

दिवाळी गेली, धान कापून झालं, थंडी पडली. आणि एक दिवस बिसेनबाई धावत माझ्याकडे. "मॅडम, झाड बोला! काकू से बोला!" सकाळी काकाजींनी काकूंना फार आग्रह करून पुन्हा हात लावायला लावला होता, आणि झाड बोललं होतं. गल्ली पाहायला लोटली. मीही गेले. काकूंनी पानावर हात ठेवला. आवाज आला तो बॅन्डसारखा नव्हता, खालच्या पट्टीत, सावकाश, घुमत राहणारा होता. दिवेही एकेक करून लागले. काकूंचा चेहरा लाल झाला. काकाजी खुर्चीत पेपर वाचत बसले होते, जणू त्यांचा यात काही संबंधच नाही.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडचं बोलणं सुरू झालं. आता कुंड्यांऐवजी मनीप्लांटशी, बैठकीच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून. काकू काहीतरी सांगायच्या, थांबायच्या, मग डबा घुमायचा. मी पुन्हा सुखाने पोळ्या लाटायला लागले. पण मी पडले मास्तरीण. गणित जमलेलं दिसलं की पायरी कुठे गाळली ते शोधल्याशिवाय चैन पडत नाही. कोरड्या थंडीत काकूंचे तळवे तर आणखीच फुटले होते. मग वीज आता जाते कशी?

एका रविवारी सकाळी मी वाटी परत द्यायचं निमित्त करून गेले. काकू पाठमोऱ्या, पानाशी बोलत होत्या. काकाजी खुर्चीत, तोंडासमोर पेपर. काकूंचं वाक्य संपलं आणि डबा वाजला. छान वाजला. फक्त चमचा काकूंच्या हातात नव्हता. तो चहाच्या ट्रेमध्ये पडला होता.

माझी नजर आपोआप खाली गेली. काकाजींचा उजवा पाय पायपुसण्यावर होता, आणि पायपुसण्याखाली शिलाई मशीनच्या मोटरचं पायडल. अंगठा वर झाला, आवाज थांबला. काकाजींनी पेपर खाली केला तेव्हा त्यांना मी दिसले. शेजाऱ्याच्या वहीतून रीडिंग उतरवताना सापडलेल्या मुलाचं तोंड कसं होतं, ते मी रोज वर्गात पाहते. अगदी तेच.

ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. तिथे इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "मॅडम, निरीक्षण केलं ना?"

"केलं."

"मंग अनुमान नोका काढू."

चौतीस वर्षं ज्यांनी एका मुलाला एक खोटा आकडा लिहू दिला नाही, ते रोज सकाळी तासभर खोटं रीडिंग देत बसले होते. मला त्यांचा इतका आदर कधीच वाटला नव्हता. मी कोणालाही सांगणार नाही असं वचन दिलं आणि पाळलंही. पोटात फार दुखलं, पण पाळलं.

दोन दिवसांनी दुपारी काकू भिंतीशी लाखोरीची पालेभाजी निवडत बसल्या होत्या. मीही सूप घेऊन अलीकडे बसले. काकाजी आत झोपले होते. काकूंनी एक काडी टाकली आणि म्हणाल्या, "परवा चमचा ट्रेमंदीच होता, नाई का?"

मी सुपात डोकं घातलं.

"लपवू नोका. मले पहिल्याच दिसी समजलं. बोट टेकवाच्या आंधीच बोलला तो. झाड येवढं उतावीर राहते का? मानूस राहते उतावीर."

"मग तुम्ही सांगत का नाही त्यांना?"

काकूंचे हात थांबले. "कायले सांगू? मॅडम, लगन होऊन बेचाळीस वर्सं झाली. मी बोलाले लागली का यायचा एक कान रेडिओत, नाई तं मन लॅबमंदी. अर्ध्या गोठीतून उठून जायेत. बाई माणसानं मंग कोनासंग बोलावं? झाडासंग." त्या जरा हसल्या. "आता कसं हाय, झाडानं कवा बोलावं हे यायले समजा लागते ना. दुखाची गोठ असन तं लांब वाजवा लागते, हासाची असन तं टुकटुक. मंग सगळं आयका लागते, शेवटवरी. मंधातून उठता नाई येत. मी तं आता हळूहळू बोलून राहिली."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. लाखोरीच्या भाजीला काही डोळे झोंबत नाहीत, त्यामुळे कारण सांगायची सोय नव्हती. काकूंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. भाजी निवडून झाली.

पुढच्या आठवड्यात मी सकाळी अंगणात कपडे वाळत घालत होते. खिडकीतून काकूंचा आवाज आला.

"आयक गा बापू. रायपूरच्या पोरीची लय याद येऊन राहिली. दोन वर्सं झाली तिचं घर पायलं नाई. पन यायचा प्रयोग चालू हाय, तो सोडून कोन येईन? मी काई म्हनत नाई. तुले सांगून ठेवलं फक्त."

मी हातातला ओला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. आता लांब वाजणार, खालच्या पट्टीत. पण डबा वाजला नाही. मग पेपर घडी केल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली.

"मंग जाऊ ना वो," काकाजी म्हणाले. "शनिवारी काढू का तिकीट?"

आत चहाचा कप ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज आला.

"शनिवारी उपास हाय माहा," काकू म्हणाल्या. "शुक्रवारी जाऊ."